महालक्ष्मीच्या पोटातल्या गोळ्या

ओवीच्या गोळ्यांचा डबा मी महालक्ष्मीच्या पोटात लपवला होता. हे वाक्य लिहून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, तरी ते तेवढंच मूर्खपणाचं दिसतं. वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात त्या पत्र्याच्या कोठ्यांवर. कोठीत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटा ठेवायचा, साडी नेसवायची, दागिने चढवायचे, की उभी राहिली महालक्ष्मी. एकदा बसली की तिसऱ्या दिवशी निरोप देईपर्यंत तिला कोणी हलवायचं नाही, कोठीत हात घालायचा नाही. म्हणजे घरात याहून सुरक्षित जागा नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवायला अख्खी गल्ली येणार, बायका पाणी घ्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरणार, फळीवरचा डबा बघणार, आणि मग कोणाच्या गोळ्या, काहून चालू आहेत, कधीपासून, अशी उलटतपासणी होणार. म्हणून डबा गव्हाच्या आत, कोपर बुडेल इतका खाली सारला आणि वर हातही जोडले, की बाई, आता तूच सांभाळ. देवीला औषधांची कोठारीण करणारी माझ्यासारखी शहाणी अकोल्यात दुसरी नसेल.

ओवी म्हणजे माझी नात, प्रवीणची मुलगी. आता अमरावतीला कॉलेजात शिकते आणि सुटीत आली की माझ्या मागं लागते, "आजी, तू मोठी कशी झाली ते लिही." मागच्या प्रकरणांत मी हिवरखेडची दोन वेण्यांची पोर लिहिली, अकोल्यात नांदायला आलेली नवरी लिहिली. पण त्या दोघींपैकी कोणीच मोठी झालेली नव्हती. माझं मोठं होणं साठी उलटल्यावर झालं आणि त्या वेळची ती बाई मला अजिबात आवडत नाही. साडीची घडी न मोडणारी, सगळ्या गल्लीला न मागता सल्ले देणारी, आणि स्वतःच्या घरात काय चाललं आहे ते सोडून बाकी सगळं कळणारी.

तेव्हा ओवी चौथीत होती. पोळीचा पहिला घास ती स्वयंपाकघरात खायची, दुसरा अंगणात आणि तिसरा शेजारच्या शबानाभाभीच्या ओट्यावर. एका कामाला निघाली की वाटेत तिला दुसरंच काहीतरी सापडायचं आणि पहिलं काम तिथंच राहायचं. शाळेत प्रश्न संपायच्या आत उत्तर, बाकावरून उठणं, डबा-पट्टी-दप्तर हरवणं. बाईंनी तिच्यासाठी वर्गाबाहेरची एक फरशी जणू नावावर करून दिली होती. माधुरी, माझी सून, पोस्टात नोकरीला. तिनंच रजा टाकून, इकडंतिकडं विचारून मुलांवर मानसोपचार करणाऱ्या अमरावतीच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. त्यांनी दोन-तीनदा बोलावून, शाळेकडूनही माहिती मागवून सांगितलं, की याला एडीएचडी म्हणतात. पोरगी द्वाड नाही, आईनं लाडावलेली नाही. लक्ष एका जागी धरणं आणि स्वतःला थांबवणं तिच्या मेंदूला अवघड जातं. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, की गोळी तिचं काम करेल, पण घरानंही आपलं काम करायला हवं, तेव्हा पुढच्या वेळी घरातले सगळे या.

मी एकदाच गेले. बाई समजावत होत्या: एका वेळी एकच गोष्ट सांगा, थोडक्यात सांगा, तिनं केली की तिथल्या तिथं शाबासकी द्या, जेवणाझोपेच्या वेळा मोडू नका. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमाले पोरं किती?" त्या म्हणाल्या, नाहीत. मी माधुरीकडे बघून मान हलवली. परतीच्या वाटेवर बडनेरा यायच्या आत माझा निकाल तयार होता, की आईला वेळ नाही म्हणून पोरगी अशी झाली. गल्लीत मी सांगून टाकलं, ताकदीच्या गोळ्या आहेत. कारण उद्या पोरीचं लग्न जमवायचं तर! नऊ वर्षांच्या पोरीचं. आजही हे आठवलं की मला त्या बाईला, म्हणजे मला, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटतं. आणि एकट्या मलाच कशाला? ओवीच्या प्रत्येक उडीचा जाब सगळे माधुरीला विचारत. शाळा तिला विचारी, शेजार तिला विचारी, मी तर विचारीच. प्रवीणला कोणी विचारलं नाही. त्याला इलेक्ट्रिकचं दुकान सोडून अमरावतीला जाता येत नव्हतं, आणि हे सगळ्यांना अगदी पटत होतं.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून घरात नुसता धूर आणि वास. पुरण शिजत होतं, ज्वारीची आंबील ढवळली जात होती, सोळा भाज्यांचा ढीग पडला होता. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगला होता, करंज्या आणि तळलेल्या पापड्यांचा. बाहेर आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. माधुरी पुरण वाटता वाटता मधेच उठली, फळी पाहिली, फ्रीजवर पाहिलं.

"आई, ओवीचा डबा पाहिला काय?"

"या गर्दीत डबा कुठी शोधत बसली? एक दिवस नाही घेतली तं काय होते? सणाच्या दिवशी औषध कायले पोटात."

 माधुरी हात धुऊन पुन्हा पुरणाला बसली. संध्याकाळच्या पंगतीत ओवी स्टुलावर चढली, फुलोऱ्याला लोंबकळली आणि करंज्यांची माळ एका पाहुण्याच्या कटाच्या आमटीत. सगळे हसले. मीही हसले, आणि मग त्या सगळ्यांसमोर माधुरीला म्हटलं, "पोरगी आवरत नाही तुह्याच्यानं." वाढपाचं भांडं हातात धरून ती उभी होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. दारातून नाही, आधी ते मोरीतून उलटं वर आलं, काळं, फेसाळ. मग नाला आणि रस्ता एकच झाला. प्रवीण ओरडत होता, चला, आधी माणसं निघा. आणि मी? मी देवघराच्या दारात आडवी उभी, की आधी महालक्ष्म्या. शेवटी त्यानं दोन्ही मुखवटे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. कोठ्या उचलण्यासारख्या नव्हत्या. गुडघाभर पाण्यातून मुखवटे छातीशी धरून मी निघाले, तेव्हा माझ्यामागं गहू भिजत होता आणि गव्हात डबा. माधुरीनं एका हातानं ओवीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात कागदपत्रांची पिशवी. "तो डबा सापडला असता तं," ती एवढंच म्हणाली. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. पाण्यात पाय टाकत होते आणि मनात म्हणत होते, आता काय सांगायचं.

उंचावरच्या एका शाळेत आमची सोय केली. मोठा हॉल, त्यात सतरंज्यांना सतरंज्या लागलेल्या, ओल्या कपड्यांचा आंबट वास, जनरेटरची घरघर, लहान पोरांचं रडणं. एक थांबलं की दुसरं सुरू. व्यवस्था बघणाऱ्या पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणत, तर मीही भाऊच म्हणते. भाऊची माणसं दोन्ही वेळा खिचडीच्या पंगती वाढत आणि प्रत्येक पंगतीचे फोटो काढत. खिचडी चांगली असायची, खोटं बोलणार नाही. पण निजायची वेळ नाही, उठायची वेळ नाही, खेळायला जागा नाही, आणि गोळी नाही. ओवीचं काय होणार? ती माणसांच्या अंगावरून पळायची, टँकरची तोटी सोडून द्यायची, झोपलेल्यांना उठवायची. शाळेच्या मागं कुंपणाची भिंत पडली होती आणि तिथवर पाणी आलं होतं. सारखी तिकडंच धावायची. पुराच्या पाण्याची तिला भीतीच नव्हती. मला होती. माधुरी आणि प्रवीण घरातला चिखल काढायला जात, आणि दिवसभर तिच्यामागं मी, माझे गुडघे आणि माझी गुपचूप बसलेली जीभ.

आरोग्याचं पथक आलं. कोणाला ताप? कोणाला जुलाब? उलट्या? पाण्यात टाकायच्या गोळ्या दिल्या, साखर-मिठाच्या पुड्या दिल्या, गेले पुढं. मोठ्यांना बीपी-शुगर विचारलं. पोरांना रोजचं काही औषध चालू आहे काय, वाहून गेलं काय, हे कोणी विचारलं नाही. माझ्यापाशी आल्यावर तो तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, पोरीला काही?" बाजूला शबानाभाभी बसली होती, पलीकडे गल्लीतल्या आणखी बायका, सगळ्यांचे कान इकडे. मी म्हणाले, "काही नाही, ठणठणीत आहे." तो हसून पुढं गेला. दरवर्षी कुठंतरी पूर येतो, मी टीव्हीवर बघते, आणि अजूनही पोरांच्या नावानं बिस्किटाचे पुडेच दिसतात. पोर म्हणजे ताप किंवा भूक, याच्यापलीकडे पोराला काही होऊ शकतं हे या लोकांच्या डोक्यात शिरणार तरी कधी? आणि आमच्यासारख्या आज्यांच्या?

त्याच संध्याकाळी ओवीनं एका बाईच्या ताटावर पाय दिला. बाई चिडली, बरोबरच होतं तिचं. भाऊ आले. "मावशी, नातीले आवरा. उद्या पाण्यात गेली तं नाव आमचं खराब होईन." हॉलमध्ये सगळे बघत होते. मला काहीतरी ठसक्यात बोलून वेळ मारून न्यायची होती, तर मी हसून म्हणाले, "बांधून ठेवा खिडकीले. मी तं थकली बा." सगळे हसले. मला बरं वाटलं, की चला, वातावरण हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टँकरवर पाण्याच्या रांगेत होते. ओवीला भाऊच्या पंगत वाढणाऱ्या पोरीपाशी सोडून गेले होते. बादली घेऊन परत आले, तर व्हरांड्यात पंगत बसलेली, मोबाइल वर केलेले, कोणीतरी साहेब आलेले. आणि आत हॉलमध्ये, सगळ्यांकडे पाठ करून, ओवी खिडकीशी. तिचं मनगट ओढणीनं गजाला बांधलेलं. रडत नव्हती, ओढत नव्हती. नुसती बाहेर बघत होती. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं, आणि तशी पुन्हा कधी बघायला मिळू नये. बादली कुठं ठेवली मला आठवत नाही. गाठ साधीच होती, एका ओढीत सुटली. वाढणारी पोरगी घाबरून धावत आली. "आजी, तुमीच तं म्हणल्या होत्या काल. भाऊ म्हणे, साहेब जाईपर्यंत."

मी ओवीचा हात धरून व्हरांड्यात गेले आणि पंगतीच्या मधोमध उभी राहिले.

"थांबवा ते फोटो. ह्या पोरीले कोणं बांधलं?"

"मावशी, तिच्याच भल्यासाठी," भाऊ सुरू झाले.

"भल्यासाठी? मंग एक माणूस तिच्यासंगं फिरवा न. फोटो काढायले माणसं हायेत तुमच्यापाशी, लेकराचा हात धरायले एक नाही? ढोर हाये काय ते, खुट्याले बांधायले?" साहेब खिचडीकडे बघायला लागले. माझा आवाज फाटला होता, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "आन् ऐका, सगळे ऐका. माह्या नातीले एडीएचडी हाये. अमरावतीच्या डॉक्टरची गोळी चालू हाये, ते ताकदीची नाही. मी खोटं सांगितलं. तुमच्या तोंडाले भिऊन मी तिची गोळी महालक्ष्मीच्या कोठीत लपवली, आता ते बुडाली. काल तो डॉक्टर विचारत होता तं त्यालेही नाही सांगितलं. बांधाचं असन तं मले बांधा."

 खिचडीच्या पातेल्यातला डाव तसाच राहिला. मग मागून शबानाभाभी उठली, तिच्या लहान पोराला, अयानला, कडेवर घेऊन. "चाची, अयान की फिट की दवा बी बह गई. मैं बी नहीं बोली. लोगां क्या बोलते करके चुप बैठी." आणि माझा संताप, जो भाऊवर होता, साहेबांवर होता, तो त्या एका वाक्यानं सगळा सगळ्यांवर पसरला. फिटची गोळी बंद! त्या लेकराला तिथं, त्या गर्दीत झटका आला असता तर? मी साहेबांनाच धरलं. त्यांनी फोन केला, पथक परत आलं, संध्याकाळच्या आत अयानचं औषध सरकारी दवाखान्यातून मागवलं. त्या तरुण डॉक्टरला मी म्हणाले, "बाबू, तू औषधाचं विचारलं नाही आन् मी सांगितलं नाही. आपण दोघंही सारखेच."  मग तो प्रत्येक सतरंजीवर गेला आणि पोरांची रोजची औषधं विचारत राहिला. लोक सांगत होते. हळू आवाजात, पण सांगत होते. कोणाचा दम्याचा पंप गेला होता, कोणाचं आणखी काही.

माधुरी आली तेव्हा चिखलानं पोटऱ्या भरलेल्या. दारातच तिला सगळं कळलं होतं. ती माझ्यासमोर बसली.

"आई, डबा खरंच कोठीत होता?"

"हो."

"मी शोधत होती तवा तुमी तिथंच उभ्या होत्या."

 मी मान हलवली. ती आवाज न चढवता म्हणाली, "आता ओवीले तुमच्यापाशी एकटी सोडून मी कुठी जाणार नाही. पानी उतरलं की आमी दोघी अचलपूरले, माह्या आईकडे." आमी दोघी. त्यात प्रवीणसुद्धा नव्हता. तो बाजूलाच बसला होता. 

रागात असली तरी माधुरीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मोबाइल सगळ्यांच्या मधे ठेवला. बाई म्हणाल्या, चार दिवस गोळी चुकली म्हणून जिवाला धोका नाही, पण तिला स्वतःला थांबवणं आणखी जड जाणार, त्यात ही गर्दी. तिला पाण्याजवळ एकटी सोडू नका. पाळी लावून एक मोठं माणूस कायम तिच्याबरोबर. जेवण-झोप ठरल्या वेळी. पायांना काम द्या. आणि गोळी चिठ्ठीशिवाय मिळायची नाही, रस्ता सुरू झाला की या. "आजी आहेत का तिथं? आजी, सगळे या म्हटलं होतं मी." मी म्हणाले, "हो बाई, चुकलं." मग त्यांनी सांगितलेलं एकेक मी त्यांनाच परत म्हणून दाखवलं, तिसरीतल्या पोरीसारखं. एक विसरले, ते प्रवीणनं सांगितलं. म्हणजे तो ऐकत होता.

त्यानंतरचे दिवस मी आणि ओवी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. ती ओढायची, मी ओढली जायची. दुपारी प्रवीणची पाळी. त्यानं दुकानात न जाता पोरीसोबत जिन्याच्या पायऱ्या मोजायची ती पहिलीच वेळ. एका दमात चार कामं सांगायची माझी सवय जाता जाईना. "ओवी, लोटा आण, चप्पल घाल, केस बांध, आन् तिकडं जाऊ नको," की ती नेमकी तिकडं जायची. मग मी नुसतं "लोटा" म्हणायला शिकले. लोटा आला की "शाब्बास." हा शब्द चारचौघांत मोठ्यानं म्हणायला मला जी लाज वाटायची! जन्मभर शिव्या मोठ्यानं दिल्या आणि शाबासकी मनातल्या मनात. एका संध्याकाळी ती तरीही हात सोडवून पडक्या भिंतीपर्यंत गेलीच, आणि एका पोराला चावलीही. तेव्हा मी त्या पोराच्या आईपाशी जाऊन बसले आणि ओवीला काय होतं ते नाव घेऊन सांगितलं. त्या बाईला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण तिनं ऐकलं.

रस्ता सुरू झाला तसे आम्ही सगळे एसटीनं अमरावतीला निघालो. माधुरीची अचलपूरची पिशवी भरलेली होती. अमरावतीहून ती तशीच पुढं जाणार, असं मी धरून चालले होते. गाडीत तिनं ओवीला खिडकीशी बसवलं. मी उभीच, कारण ओवीच्या शेजारची जागा तिच्या आईची, हे उघड होतं. माधुरी मागच्या बाकावर प्रवीणजवळ जाऊन बसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बसा न आई. उभ्या काहून राहिल्या?" ती पिशवी पुढं अचलपूरला गेली, पण आठच दिवसांसाठी आणि ओवीशिवाय.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. ओवी शेंगा सोलत होती, टरफलं माझ्या मांडीवर टाकत होती, पाय समोरच्या सीटवर आपटत होते. मी तिला विचारलं, "ओवी, त्या दिवशी बांधलं तवा ओरडली काहून नाही? साधी गाठ होती. हाताले एक झटका दिला असता तं सुटली असती." तिनं तोंडातली शेंग संपवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"मले माहीत होतं ना आजी, गाठ ढिली हाये म्हणून. पण ते ताई म्हणे, तुह्या आजीनं सांगितलं. मंग मी बसली."